दोन होड्या आणि तिसरं कोटेशन

आमच्या घरमालकांइतका खोल विचार करून एखादी वस्तू विकत न घेणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा निघणार नाही. घेणारे पुष्कळ असतात. दिग्रसच्या बाजारात उभं राहिलं की कापूस विकून आलेला माणूस दहा मिनिटांत मोबाईल घेऊन जाताना दिसतो. पण न घेण्यासाठी जो अभ्यास लागतो, जे कागद लागतात, जी चिकाटी लागते, ती फक्त आमच्या काकांपाशी. चौतीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत खरेदीच्या टेबलावर बसले. मग सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी सरकारला काही निवृत्त केलं नाही. रोज सकाळी साडेदहाला आंघोळ करून, भांग पाडून, खिशाला पेन लावून ते ओसरीतल्या टेबलाशी बसतात आणि साडेपाचला उठतात. मधल्या वेळात काय करतात ते काकूंनाही माहीत नाही. त्या म्हणतात, "कचेरीतही कोणाले माहीत नव्हतं."

मी त्यांचा भाडेकरू. घराच्या पुढच्या अंगाला टिनाचं शेड आहे, तिथं माझं वेल्डिंगचं दुकान आणि मागं एका खोलीत मी. गाव माझं मालवणकडे. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि एका मामाच्या मागे जिनिंगमध्ये यंत्रं बसवायच्या कामाला इकडे आलो. मामा वर्षभरात परत गेले, मी राहिलो. मला या गावात कोणी ओळखत नव्हतं आणि इकडची बोलीही अर्धी कळत नव्हती. कोणी "काहून बे?" म्हणजे नुसतं "का रे?" म्हटलं तरी मला वाटायचं आपलं काही चुकलं. अशा वेळी काकांनी मला जागा दिली. अर्थात सरळ नाही दिली. शेडसाठी तीन भाडेकरू बोलावून त्यांचा तुलनात्मक तक्ता केला, त्यात 'वक्तशीरपणा' आणि 'चपला कुठे काढल्या' असे रकाने होते. मी घाबरून पाऊण तास आधी येऊन फाटकाबाहेर उभा होतो आणि चपला तिथेच काढल्या होत्या, म्हणून मला ती जागा मिळाली. पुढे त्यांनीच मला अर्ज लिहायला शिकवला, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवलं, आणि तीन विषय राहिले तेव्हा म्हणाले, "तीनच राह्यले न? मंग बाकीचे निकाली निघाले." आज मी हे लिहितो आहे तेही त्यांच्याच लाल पेनच्या जिवावर. तेव्हा खाली मी त्यांची जी काही टिंगल करीन ती खाल्ल्या घरची आहे, हे आधी सांगून ठेवतो.

तीन कोटेशनं, हा काकांचा धर्म. तीनाशिवाय खरेदी नाही. भाजीला जातील तर तीन गाड्यांवर फुलकोबीचा भाव, वजन आणि पानांची अवस्था कागदावर टिपतील आणि तक्ता पुरा करून पहिल्या गाडीपाशी येतील तोवर फुलकोबी संपलेली असेल. एकदा दाढ दुखायला लागली. तीन दातांच्या डॉक्टरांचं मत घ्यायला यवतमाळला दोन आणि पुसदला एक अशा तीन फेऱ्या झाल्या, आणि तिसरीहून परत येताना एस.टी.त चिवडा खाता खाता दाढ आपोआप हातात आली. ती त्यांनी कागदात गुंडाळून नस्तीला, म्हणजे फायलीला, लावली आणि वर शेरा मारला, 'प्रकरण निकाली.' लग्नाच्या वेळी त्यांनी तीन मुली पाहून तक्ता केला होता, ही गोष्ट ते अजून अभिमानाने सांगतात. काकू तिथेच गहू निवडत बसलेल्या असतात. त्या मान वर न करता म्हणतात, "मीबी तीन पोरं पाह्यले होते. दोघायनं नाही म्हटलं, मंग हे राह्यले."

त्यांना एकच मुलगी. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ती बंगळूरला नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी तलावावर जाऊन एकाच माणसाने बसायच्या छोट्या होड्या वल्हवायची. त्यांना कयाक म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तिला परदेशात नोकरी लागली, तेव्हा तिने आपल्या दोन्ही कयाक ट्रान्सपोर्टने दिग्रसला पाठवून दिल्या. एक नारंगी, एक पिवळी, दोन्ही जाड प्लास्टिकच्या आणि अकरा-अकरा फुटांच्या. त्या उतरवल्या तेव्हा अर्धी गल्ली जमली. कोणी म्हणालं गुरांना पाणी पाजायची टाकी आहे, कोणी म्हणालं सोलर आहे. काकूंनी त्यांना डोंगे म्हटलं आणि ओसरीत भिंतीला लावून ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की डोंग्याचा खोलगट भाग मिरच्या वाळवायला फार सोयीचा आहे. तेव्हापासून नारंगीत मिरच्या आणि पिवळीत मुगवड्या.

मग ताईचा एक फोटो आला. तिकडच्या कुठल्याशा तळ्याकाठी एक गाडी उभी, टपावर कॅरिअर, त्यावर दोन कयाक पालथ्या बांधलेल्या. खाली तिने लिहिलं होतं, 'बाबा, दिवाळीत बारा दिवस येते आहे. आपण दोघं धरणावर जाऊ. एक तुम्ही, एक मी. फक्त आपल्या गाडीवर असं कॅरिअर बसवून ठेवा.' अरुणावतीचं धरण गावापासून गाडीने थोडाच वेळ. दुसरा बाप असता तर टेम्पो सांगितला असता. आमच्या काकांनी फोटो छापून आणला, नवी नस्ती उघडली आणि पहिल्या पानावर डकवला. विषय, चारचाकी वाहनाच्या टपावर दोन नग कयाक वाहून नेण्याकरिता कॅरिअर बसविणेबाबत. दिवाळीला तेव्हा सात महिने होते. मला वाटलं सात महिन्यांत माणूस धरण बांधेल.

पहिले दोन महिने गोल पाइप की चौकोनी पाइप यात गेले. गोलावर होडी सरकेल, चौकोनी वारा अडवेल. तिसरा महिना गाडीचा टप मोजण्यात गेला. गाडी जुनी, पांढरी, आणि टपाला पन्हळ नाही. त्यामुळे कॅरिअरचे पाय दाराच्या चौकटीलाच चिमटे लावून बसवावे लागणार होते. मी हे पाच मिनिटांत सांगितलं. काकांनी ते लिहून घेतलं आणि समोर 'पडताळणे' असं लिहिलं. मग टप किती भार सोसतो हे पाहायला ते स्वतः वर चढून उभे राहिले. टपाला खोलगा पडला. काकू म्हणाल्या, "सोसला न तुमाले? आता उतरा." त्यावर समाधान न होऊन त्यांनी टपावर गादी टाकून सरकीची दोन पोती बांधायला लावली आणि बसस्टँडपर्यंत गाडी नेऊन आणली. आठवडाभर लोक मला विचारत होते की काकांनी सरकी-ढेपेचा धंदा सुरू केला का. मोबाईलवर ते गोऱ्या लोकांचे व्हिडिओ लावून बसायचे आणि मला हाक मारायचे. "हे पाय. हा माणूस एका हातानं डोंगा वर ठेवून राह्यला. याच्या मागं कोटेशन असंन का?"

सगळी अटी-शर्तींची यादी झाली तेव्हा बाहेर सोयाबीन काढायला आलं होतं. त्यात एक अट होती, 'पाण्याचा अनुभव असलेल्यास प्राधान्य.' ती माझ्यासाठी घातली होती. "तू समुद्रावरचा माणूस," काका म्हणाले. "आमच्याकडच्यायनं पाणी पाह्यलं ते हापशीचं. तुले होडीची नस माहीत." मी मान खाली घातली. खरी गोष्ट ही की मला समुद्र लागतो. बाबांच्या होडीवर मी पहिल्या दिवसापासून ओकत होतो. खलाशी हसायचे, बाबा हसायचे नाहीत, तेच मला सहन झालं नाही. इतक्या लांब, जिथून समुद्राचा वासही येत नाही अशा गावी मी का आलो, हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. काकांना त्या वेळी सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाने आपल्याला जागा दिली, लिहायला शिकवलं, त्याने आपल्याविषयी एक चांगली गोष्ट धरून ठेवली असेल तर ती त्याच्या हातातून काढून कशी घ्यायची?  तो रकाना त्यांनीच भरला.

आता कोटेशनं. एक माझं. ते काकांनी चार वेळा परत केलं, कारण मी 'संदर्भ' लिहीत नव्हतो. दुसरं बाजारातल्या जीपची कॅरिअर बनवणाऱ्याचं, त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर दिलं, ते काकांनी त्याच्याकडून फुलस्केपवर उतरवून घेतलं. तिसरं मोबाईलवरून एका कंपनीचं मिळालं, ॲल्युमिनियमचं, काळं, देखणं. पण त्यावर सही नव्हती, शिक्का नव्हता. काकांनी ते अपात्र ठरवलं. मग तिसऱ्याच्या शोधात ते एस.टी.ने महागावला गेले, तिथून उमरखेडला गेले. उमरखेडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका मिस्त्रीने सगळी नस्ती शांतपणे वाचली, काकांना चहा पाजला आणि म्हणाला, "काकाजी, दोन डोंगेच न्यायचे न? टेम्पोत टाका न. कायले जीव काढून राह्यले?" काका चहा अर्धा ठेवून उठले. घरी येऊन मला म्हणाले, "त्याले फोटो समजला नाही. पोरगी उतरंन, गाडीवर डोंगे दिसतीन. तिकडं दिसते तसं. टेम्पोत ते कसं दिसंन?"

इतकं साधं ते होतं. पण ते मला त्या दिवशी कळलं, नियमाला नाही. तिसरं कोटेशन नाही म्हणजे खरेदी नाही. ताई आली तेव्हा गाडीचा टप मोकळा होता, वर फक्त खोलगा. तिने मिरच्या काढून नारंगी कयाक धुतली, फराळ खाल्ला, मैत्रिणींकडे जाऊन आली. चौथ्या दिवशी म्हणाली, "बाबा, जाऊ न टेम्पोनं." काका म्हणाले, "प्रक्रिया सुरू आहे." सहाव्या दिवशी तिने मला शेडमध्ये येऊन विचारलं, "दादा, तुम्हीच का नाही बनवून टाकत?" मी म्हणालो, "ताई, आदेश नाही." हे बोलताना माझी मलाच लाज वाटली. पाइप माझ्याकडे पडलेले होते. पण आदेशाशिवाय केलं तर काकांच्या नस्तीत माझं नाव लाल शाईने जाईल, ही भीती मला समुद्रापेक्षा मोठी होती. आठवा दिवस गेला. नववा गेला. काका दारात कोणी आलं की उठून पाहत, जणू तिसरं कोटेशन एस.टी.ने येणार होतं. जेवताना ताईकडे बघत नव्हते.

दहाव्या दिवशी साडेदहाला काका टेबलाशी बसले तर नस्तीवर एक कागद. काकूंच्या अक्षरात. विषय होता, संदर्भ होता, माझ्या चार खेपांत मला जमलं नाही ते पहिल्या खेपेला बिनचूक. मजकूर असा की, खाली सही करणार ही वरील कॅरिअर पुरवण्यास तयार असून दर सर्वांत जास्त आहे, तो वाट्टेल तेवढा लिहून घ्यावा. मुदत, पुढचा जन्म. खाली सही, आणि शिक्क्याच्या जागी कुंकवात बुडवलेला अंगठा. काकांनी तो कागद तीनदा वाचला. मी शेडमधून पाहत होतो, ताई दाराआडून पाहत होती. काकू आतून म्हणाल्या, "सही आहे, शिक्का आहे. अपात्र करून दाखवा."

काकांनी चष्मा पुसला. पट्टी घेतली, तक्त्यावर तिसरा रकाना आखला. बाराच्या आत आदेश माझ्या हातात होता.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी जेवायला उठलो नाही. चौकोनी पाइपचे दोन आडवे दांडे, दाराच्या चौकटीला चार चिमटे, त्यांच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबची गादी, आणि होड्या बसायला वाकवलेल्या चार पट्ट्या, त्यांवर काकूंच्या गोधडीचे तुकडे. प्रत्येक जोड मी तीनतीनदा ठोकून पाहिला. वाटत होतं रस्त्यात होडी उडेल, मागच्या मोटारसायकलवर पडेल, आणि सगळं गाव विचारेल की हा मालवणचा कोण? ताईने होड्या पालथ्या घालून पट्ट्याने बांधल्या. काकांनी नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं, सळया नेणाऱ्या गाडीला बांधतात तसं. बाराव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ताई त्याच दुपारी नागपूरला निघायची होती.

काकांनी वीसच्या वर वेग नेला नाही. तेवढ्या वेगालाही कॅरिअर शीळ घालायला लागलं. पाइपची तोंडं बंद करायची मी विसरलो होतो.  काका म्हणाले, "हे वाजणं अटीत नव्हतं." कापसाचे टेम्पो आम्हाला ओलांडून जात होते. एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, पूर येऊन राह्यला का?" काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली, एखादा मंत्री करतो तशी. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. चौतीस वर्षांत त्यांना कोणी इतकं खूश पाहिलं नसेल.

धरण भरलेलं होतं. ताईने नारंगी कयाक पाण्यात लोटली, बसली, आणि चार शिंका दिल्या. मिरच्यांचं बी खाचेत राहिलं होतं. मग ती हसत हसत वल्हवत दूर गेली आणि तिथून हाक मारली, "बाबा, या न." पिवळी काठाला तयार होती. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आधी तुझं होऊ दे." तिने पुन्हा हाक मारली. काका माझ्याकडे वळले. "तू जा तिच्यासंगं. तू समुद्रावरचा."

 मी म्हणालो, "काका, मला पाणी लागतं. होडीत बसलो की ओकतो. म्हणूनच गाव सोडलं."

मला वाटलं आता नस्ती, लाल शाई आणि शेडचं भाडेपत्र, सगळं एकदम बाहेर येईल. काकांनी पाण्याकडे पाहिलं. वाऱ्याने त्यांचा पाडलेला भांग विस्कटला होता. मग हळूच म्हणाले, "या धरणाचे किती कागद माह्या टेबलावरून गेले. घोट्याच्या वर पाय नाही घातला कधी. मले भेव लागते." मग ताईकडे पाहून म्हणाले, "तिले नको सांगू."

आम्ही दोघं काठावर उभे राहिलो. मध्ये ताई एकटी गोल फिरत होती, मधूनच वल्हं थांबवून आमच्याकडे पाहत होती. तिसऱ्यांदा तिने हाक मारली नाही. परत आली, कयाक ओढून घेतली. गाडीत मागच्या सीटवर बसून म्हणाली, "पुढच्या वेळी, बाबा." काका म्हणाले, "हो. कॅरिअर तर झालंच आहे." परतीच्या वाटेवर शीळ तेवढी वाजत होती.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी काका नस्ती घेऊन शेडमध्ये आले. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर त्यांची सही व्हायची होती. त्यांनी पेन काढलं, थोडा वेळ धरलं, आणि लिहिलं, 'काम अंशतः पूर्ण.' मी विचारलं, "काका, शिटीमुळे का?" मी पाइपला टोपणं बसवली होती. ते म्हणाले, "तुह्यं झालं. माह्या बाजूनं बाकी आहे."

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. पिवळी कयाक टपावर बांधलेली होती. मुगवड्या काकूंनी न सांगता परातीत काढल्या होत्या. डिकीत नव्या नायलॉनच्या दोराचं भेंडोळं होतं. काका गाडी बाहेर काढत होते तेव्हा काकू फाटकापाशी मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "दोर पहिल्याच दुकानातून घेतला त्यायनं. भावबी नाही विचारला. तब्येत बरी आहे न पाह्यजो जरा."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. काका सदरा-पँट घालून, खिशाला पेन लावून, कयाकमध्ये ताठ बसतात, एखाद्या मीटिंगला बसावं तसे. वल्हं मांडीवर आडवं. दोराचं एक टोक कयाकला, दुसरं माझ्या हातात. पहिल्या रविवारी एक हात दोर सोडला तर म्हणाले, "बस. ओढ." दुसऱ्या रविवारी दोन. पुढे कधी एक वाढला, कधी तेवढ्यावरच थांबला. आता उन्हाळ्याने पाणी मागे सरकलं आहे, गाडीपासून खूप चालावं लागतं आणि कयाक दोघांनी उचलून न्यावी लागते. काठाशी होडी गाळाला टेकते म्हणून मला पँट गुडघ्याच्या वर दुमडून आत उभं राहावं लागतं. पायाखालून गाळ सरकतो, पण ओकारी अजून आलेली नाही. मागच्या खेपेला आईचा फोन आला तेव्हा मी पाण्यातच उभा होतो. ती म्हणाली, "खंय आसस रे?" मी म्हणालो, "पाण्यात." तिने फोन बाबांकडे दिला. बाबांनी इतकंच विचारलं, "केवडा पाणी?"

काका वळून बघत नाहीत. वळलं की होडी हलते. समोर नजर ठेवून विचारतात, "किती झाले?"

"अकरा हात, काका."

"दिवाळीले किती टाइम आहे?"

मी सांगतो. काका वल्हं हळूच पाण्याला टेकवतात, उचलतात, त्यावरून गळणारं पाणी पाहतात.

"अजून एक हात सोड," म्हणतात. "पण धरून ठेव बरं."